सरांच्या पाठोपाठ

लोणावळा,
२३ जून १९३८

ताजूआपा,

सलाम. तू उत्तर देणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि मी लिहायची थांबणार नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा नमनाला घडाभर तेल नको.

पुण्याचं कॉलेज सुरू झालं, रोजची गाडीही सुरू झाली. मी इंटरच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, वर्गात जाऊन बसले. तुझ्या नाकावर टिच्चून बसले असं तुला वाटत असेल, तर वाटू दे. अब्बांच्या दुकानात तुझ्या सासरच्या सगळ्या मंडळींसमोर जे ठरलं ते मी विसरलेले नाही. इंटर पहिल्या खेपेला पास झाले तर बी.ए. होईपर्यंत मला कुणी हटकायचं नाही. नापास झाले तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची आणि तुम्ही दाखवाल त्या घरी मुकाट्यानं जायचं. अट तूच घातलीस. अब्बा बिचारे नुसते 'अगं, अगं' करत राहिले. तुझ्या दिराला मी नकार दिल्यापासून तू माझ्याशी बोलत नव्हतीस, पण अट घालायला मात्र तोंड उघडलंस! चाँदभाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. माणूस सज्जन आहे. पण सज्जन माणसं दुनियेत पुष्कळ आहेत, सगळ्यांशी निकाह लावायचा का?

हे पत्र झुंबरबाईच्या हाती देते आहे. ती मळवलीला आमच्या बायकांच्या डब्यात भाजीची पाटी घेऊन चढते आणि तुझ्या तळेगावला उतरते. पोस्टानं पत्र आलं तर तुझ्या सासूबाई चौकशी करतील. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर आलेल्या कागदाला कोण विचारतंय?

तुझी (तू मान की न मान),
मेहमुदा


१८ जुलै १९३८

आपा,

झुंबरबाईला विचारलं, 'आपा काय म्हणाली?' ती म्हणाली, 'काय बी न्हाई. चिट्टी घेतली, पिठाच्या डब्यात टाकली, आन् माज्याशी मेथीवरनं भांडली.' मेथीवरून भांडलीस म्हणजे तब्येत बरी आहे.

तू विचारलं नाहीस, तरी कॉलेजात दिवस कसा जातो ते सांगते. मुलांचं सोपं आहे. ते कुठेही उभे राहतात, कुठेही बसतात, कॅन्टीनमध्ये चहा पीत सगळ्या जगाची फाळणी करतात. आम्हा मुलींसाठी एक लेडीज रूम आहे. तिथे एक टेबल, एक आरसा आणि भिंतीवर एक पाटी. पाटीवर लिहिलंय की, विद्यार्थिनींनी प्रोफेसरांच्या पाठोपाठ वर्गात जावे व त्यांच्या पाठोपाठच बाहेर पडावे. म्हणजे घंटा झाली की आम्ही दारात उभ्या. सर निघाले की त्यांच्या मागे रांग. वर्गात शिरलो की मुलं बाकाखाली पाय आपटतात. तास संपला की पुन्हा सरांच्या मागे, थेट लेडीज रूमपर्यंत. कोंबडीमागे पिल्लं चालतात तशा. पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं. आता राग येतो.

राग येण्याचं कारण रीडिंग हॉल. मोठ्ठा हॉल आहे, उंच खिडक्या, लांब टेबलं, आणि भिंतभर पुस्तकं. इतिहासाचे जाडे ग्रंथ हॉलबाहेर न्यायला मनाई आहे. आणि मुलींना हॉलमध्ये जायला मनाई आहे. आता तूच सांग, मी ते ग्रंथ वाचायचे कसे? आम्ही चिठ्ठी लिहून बजरंग शिपायाकडे द्यायची, तो पुस्तक आणून देणार, तेही बाहेर देण्याजोगं असेल तर. परवा त्यानं मला 'गृहिणीचे आरोग्य' आणून दिलं. म्हणाला, 'ह्ये मोकळं व्हतं, बाई.'

तास दुपारी संपतात आणि माझी गाडी संध्याकाळी. मधला सगळा वेळ लेडीज रूममध्ये. तिथे एकजण गाणं म्हणते, दुसरी विणते, तिसरीचं लग्न ठरलंय आणि ती ते सगळ्यांना पहिल्यापासून सांगते. घरी आलं की तू जाणतेस. खाली दुकान, वर आपण. तुंगार्लीच्या बंगल्यांची माणसं अंडी-पाव-रॉकेलसाठी रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत हाका मारत असतात आणि अब्बा प्रत्येक वेळी वर हाक मारून सांगतात, 'मेहमुदा, हिशेब बघ गं!' इंटरचा अभ्यास करायचा कुठे? मालगाडीच्या टपावर?

ग्रंथपालांना विचारलं. ते म्हणाले, 'मुलींनी बसण्याचा प्रघात नाही.' प्रिन्सिपॉलसाहेबांना अर्ज दिला. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली आणि तेच वाक्य इंग्रजीत सांगितलं.

मला भीती वाटते, आपा. वर्गात सर जे सांगतात तेवढ्यावर इंटर निघत नाही. गेल्या वर्षी निम्मी मुलं गडगडली. तुला आनंद होईल म्हणून हे सांगत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं.

मेहमुदा


१३ ऑगस्ट १९३८

ताजूआपा,

आज हे पत्र उभ्यानं लिहितेय, कारण बसवत नाही इतका आनंद झालाय!

आधी तुला लॉजिक म्हणजे काय ते सांगायला हवं. लॉजिक म्हणजे तर्कशास्त्र. दोन गोष्टी खऱ्या असल्या की त्यांतून तिसरी आपोआप खरी ठरते. सगळी माणसं मरतात, अमका माणूस आहे, म्हणून अमका मरणार. झुंबरबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'एवढ्यासाटी पुण्याला जाती व्हय गं? आमच्या मळवलीत बी मरत्यात की!'

हे शिकवणारे आमचे लॉजिकचे सर म्हणजे एक चीज आहे. कोटाला खडू, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. तास संपला की ते मागे न बघता चालू लागतात. आम्ही लेडीज रूमच्या कोपऱ्याला वळतो आणि ते सरळ जातात. कुठे जातात? रीडिंग हॉलमध्ये! खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची. तिथे ते जेवणाची वेळ होईपर्यंत वर्तमानपत्र वाचतात.

गेल्या मंगळवारी ते फळ्यावर लिहीत होते आणि मला एकदम दिसलं. मुलींनी सरांच्या पाठोपाठ जायचं. सर रीडिंग हॉलमध्ये जातात. म्हणून?

मी शेजारच्या शालूला वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं. शालू एका वैद्यांची मुलगी, दिसायला अगदी गरीब गाय. तिनं वाचलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला. पुढचे दोन दिवस आम्ही एकेकीला पटवलं. जिचं लग्न ठरलंय ती म्हणाली, 'सासरी कळलं तर?' शालू म्हणाली, 'सासरी सांग, मी नियम पाळला.'

आज तास संपला. सर निघाले. आम्ही पाठोपाठ. लेडीज रूमचा कोपरा आला आणि आम्ही वळलो नाही. मागे सगळ्याजणी होत्या, मी थांबले असते तर अंगावर आल्या असत्या. सर हॉलमध्ये शिरले. आम्ही शिरलो. आपा, त्या मुलांची तोंडं! एकाची शाईची दौत कलंडली ती त्यानं उचललीसुद्धा नाही. सर वेताच्या खुर्चीत बसले. आम्ही त्यांच्या जवळच्या टेबलाच्या खुर्च्या ओढल्या आणि बसलो.

ग्रंथपाल करकर वाजणारे बूट घालून धावत आले. 'हे काय? हे काय?' मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, 'आम्ही सरांच्या पाठोपाठ आलो आहोत. ते बाहेर पडले की त्यांच्या पाठोपाठच बाहेर पडू. पाटीवर तसंच आहे.' त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पान उलटलं. सर वाचत असताना त्यांना हाक मारायची कुणाची छाती नाही. ग्रंथपाल दोनदा खाकरले आणि निघून गेले.

मग मी बजरंगला तो जाडा इतिहासाचा ग्रंथ मागितला. त्यानं तो आणला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, 'ह्यो लय जड हाय, बाई. जपून.' मी उघडला. आपा, मी रडायच्या बेताला आले होते, पण मुलं बघत होती म्हणून रडले नाही. वाचत सुटले. सरांनी आज छोट्या जाहिरातीसुद्धा वाचल्या असाव्यात, कारण जेवणाची वेळ कधीच टळून गेली तरी ते उठले नाहीत.

मेहमुदा


२९ ऑगस्ट १९३८

आपा,

झुंबरबाई आज डब्यात चढली ती हसतच. 'तुजी भन ईचारत व्हती, त्या पोरीला खुर्ची गावली का न्हाई?' मी म्हटलं, 'आपानं विचारलं? खरंच?' ती म्हणाली, 'व्हय की. वर म्हनली, मी ईचारलं म्हनून सांगू नगंस.' झुंबरबाईच्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं होय?

तर ऐक. पुढचे सगळे लॉजिकचे दिवस आम्ही तसंच केलं. मग बोलावणं आलं. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत मी, शालू आणि लॉजिकचे सर. साहेब म्हणाले, 'हा चावटपणा कुणाचा?' मी म्हटलं, 'माझा.' माझ्या डोळ्यांपुढे माळा आणि बांधलेली पुस्तकं दिसायला लागली होती. कॉलेजातून नाव काढलं असतं, तर परीक्षेची वाटही बघावी लागली नसती.

साहेब सरांकडे वळले. 'आपल्या मागून मुली येतात हे आपल्या लक्षात आलं नाही?' सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. म्हणाले, 'पहिल्याच दिवशी आलं. मी त्यांचा तर्क तपासत होतो. निष्कर्ष बिनचूक आहे. चूक असलीच तर ती पहिल्या विधानात आहे, आणि ते विधान कॉलेजचं आहे.'

साहेबांनी माझा जुना अर्ज काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, 'विद्यार्थ्यांचं मत घेऊ. शनिवारी विद्यार्थ्यांच्या युनियनच्या सभेत ठेवा.'

आणि मग कॉलेजभर नुसता गदारोळ! नोटीस बोर्डावर रोज नवा कागद. एकानं लिहिलं, मुली आल्या तर आमचं चित्त विचलित होईल. त्याखाली कुणीतरी लिहिलं, चित्त आहे का तुला? एकानं लिहिलं, आज रीडिंग हॉल, उद्या क्रिकेटचं मैदान. शालू म्हणाली, 'ही कल्पना वाईट नाही.'

शनिवारी सभा खच्चून भरली. आम्ही तिथेही सरांच्या पाठोपाठ गेलो, तर लगेच टाळ्या. विरोधातले वक्ते मोठे तयारीचे होते, कुणी संस्कृत म्हणालं, कुणी इंग्रजी. मी बोलायला उठले तर पाय आपटायला सुरुवात झाली. मी थांबले. ते थकेपर्यंत थांबले. मग म्हटलं, 'मी लोणावळ्याहून येते. माझी गाडी संध्याकाळी आहे. मला तुमच्याशेजारी बसायचं नाही, पुस्तकाशेजारी बसायचं आहे. पुस्तक बाहेर येऊ शकत नाही, म्हणून मी आत येते.' एवढंच बोलले. जास्त बोलले असते तर तोल गेला असता.

पण सभा जिंकली ती महिपतीनं. महिपती म्हणजे वराळ्याच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, वसतिगृहात राहतो, कधी तोंड उघडत नाही. तो मागच्या बाकावरून उठला. 'अध्यक्षम्हाराज, मी खरं बोलतो. त्या हॉलात निम्म्या खुर्च्या मोकळ्या असत्यात, आन् निम्म्यांवर आमी झोपतो. मी सोता झोपतो. पोरी आल्या तर घोरायची चोरी हुईल, एवढंच नुकसान हाय. त्ये मी सोसायला तयार हाय.'

हसून हसून सभा आडवी झाली. हात वर करायला सांगितले, तेव्हा विरोधात इतके थोडे हात होते की ज्यांनी वर केले त्यांनीही हळूच खाली घेतले.

सोमवारी खिडकीजवळचं एक लांब टेबल आम्हाला मिळालं. बजरंगनं त्यावर 'फक्त विद्यार्थिनींकरिता' असा फलक ठेवला. आता सर असोत की नसोत, आम्ही जाऊन बसतो. जिंकलो, आपा!

मेहमुदा


२७ नोव्हेंबर १९३८

ताजूआपा,

ईद मुबारक. तू या ईदलाही आली नाहीस. अब्बांनी शीरखुर्मा तुझ्या वाट्याचा वेगळा काढून ठेवला आणि संध्याकाळी स्वतःच गुपचूप खाल्ला, मी बघितलं.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी महिनाभर लिहायचं टाळलं. सहामाहीत मी लॉजिकमध्ये नापास झाले. हो, लॉजिकमध्ये! तुला हसायचं असेल तर हस. सरांनी पेपरवर लिहिलं होतं, 'प्रात्यक्षिकात पहिली, लेखीत नापास. पुढच्या वेळी उलट नको, दोन्हीत पहिली हवी.' मी सभा, बोर्ड आणि टाळ्या यांतच रमले होते. खुर्ची मिळवली आणि तिच्यावर बसून पुस्तक उघडायचं राहिलं. शालूनं मला सरळ सांगितलं, 'तू नापास झालीस तर सगळा हॉल म्हणेल, बघा, कशाला हव्यात यांना खुर्च्या.' म्हणजे आता ही अट माझ्या एकटीची राहिलेली नाही.

म्हणून आजपासून पत्रं बंद. परीक्षा झाल्याशिवाय लिहिणार नाही. राग मानू नकोस.

झुंबरबाईनं मात्र काल नवीनच बातमी दिली. म्हणाली, 'लिहायचं थांबू नगं, पोरी. तुजी भन चिट्ट्या मोठ्यानं वाचती. मी आसती, शेजारची बयाबाई आसती, शिंप्याची शालन आसती. त्या चष्म्याच्या मास्तराचं पुन्ना पुन्ना वाचाया लावतो आमी.' मी विचारलं, 'आणि सासूबाई?' ती म्हणाली, 'ती भाईर बसती आन् कान हितं ठिवती.'

आपा, तू मोठ्यानं वाचतेस? मग एका ओळीचं उत्तर द्यायला काय होतं गं तुला?

मेहमुदा


लोणावळा,
१० जून १९३९

आपा!

पास! सेकंड क्लास! लॉजिकमध्ये कॉलेजात दुसरी!

मुंबईच्या गाडीनं वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरला, तेव्हा अब्बा स्टेशनवर माझ्या आधी जाऊन उभे होते. नंबर त्यांनीच शोधला. मग तो तीनदा बघितला, स्टेशनमास्तरांना दाखवला, हमालाला दाखवला, आणि ज्याला वाचता येत नाही त्या टांगेवाल्यालाही बोट ठेवून दाखवला. दुकानात आज सगळा गोंधळ चालला आहे. तुंगार्लीच्या एका बंगल्यात पावाऐवजी रॉकेल गेलं. त्या बंगल्याचा माळी भांडायला आला, तर अब्बांनी त्यालाच पेढा भरवला.

दुपारी मार्क बघायला पुण्याला जाऊन आले, तिथे लॉजिकचे सर भेटले. मला वाटलं शाबासकी देतील. ते म्हणाले, 'पहिली कोण आली, माहीत आहे? शालू.' गरीब गाय!

अट मी पुरी केली. आता तुझी पाळी आहे.

मेहमुदा


१९ जून १९३९

माझी ताजूआपा,

कालचं तू मला विसरू देणार नाहीस आणि मी तुला विसरू देणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

चाँदभाईंच्या निकाहाचं बोलावणं झुंबरबाईच्या तोंडी आलं, 'तुज्या भनीनं सांगितलंय, यायाचंच. न्हाई आलीस तर ती हितं येऊन कान धरल.' मी आले खरी. ज्याला नाकारलं त्याच्याच लग्नात कोण जातं? चाँदभाईंनी मात्र मला लांबूनच सलाम केला आणि हसले. नवरी छान आहे. त्यांना शोभते.

बायकांच्या पंगतीत तू मला आपल्या शेजारी बसवलंस. अजून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. आणि तेव्हा तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, 'काय गं मेहमुदा, झालं ना इंटर का काय ते? आता तरी घरी बसशील? एवढं शिकून करायचंय काय?'

मी तोंड उघडणार होते. उत्तर माझ्याकडे तयार होतं, चांगलं तिखट. पण तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास.

तू म्हणालीस, 'अम्मीजान, ती अट मी घातली होती. घातली नसती, तर तुम्ही सगळ्यांनी हिला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. मी एक वर्ष मागून घेतलं. ते हिनं वाया घालवलं नाही.'

बयाबाई वाढायचं थांबली.

'आणि काय करायचंय म्हणता? मी चौथीत पहिली आले होते. मास्तर अब्बांच्या दुकानात सांगायला आले, हिला पुढं शिकवा. तेव्हा आमची अम्मी अंथरुणाला खिळलेली आणि ही पाळण्यात. मी पाटी ठेवली आणि हिला उचललं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. आता बोलते. हिच्या शिकण्याला यापुढे कुणी हात लावायचा नाही. त्यातलं निम्मं माझं आहे.'

आपा, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अब्बांनी कधी सांगितलं नाही, तू तर नाहीच. वर्षभर मी तुला चिडवत होते, माझ्या विजयाच्या गोष्टी लिहून पाठवत होते, आणि ज्या मैदानात मी लढत होते ते तूच मला मिळवून दिलं होतंस. मी तिथेच, भर पंगतीत, बिर्याणीच्या ताटावर रडले. शिंप्याची शालनही रडायला लागली, तिचं काय गेलं होतं कोण जाणे. तुझ्या सासूबाईंनी आपल्या हातानं माझ्या ताटात जर्द्याचा गोड भात वाढला आणि म्हणाल्या, 'खा. बारीक झालीस अभ्यासानं.'

नंतर मागच्या दारी मी तुला विचारलं, मग वर्षभर बोलली का नाहीस? तू म्हणालीस, 'नकार देणार होतीस तर आधी मला सांगायचं होतंस. त्याचा राग होता. आणि बोलले असते तर मऊ पडले असते, मग तू अभ्यास केला नसतास.' हे तुझं लॉजिक सरांना कळवायला हवं.

बी.ए.चा वर्ग उद्यापासून. निम्मं तुझं आहे म्हणालीस ना, मग ते घ्यायला तयार राहा. दर गुरुवारी परतताना मी तळेगावला उतरणार आणि रात्रीच्या गाडीनं घरी येणार, अब्बांशी बोलून झालं आहे. इंग्रजीपासून सुरू करू. तुझ्या घरच्या सगळ्यांसमोर, अंगणात. चुकलीस तर मी रागावेन, आणि मला उत्तर न द्यायची सोय आता तुला उरलेली नाही.

तुझीच,
मेहमुदा